यांचे डोळे, माझी पट्टी

गेल्या दत्तजयंतीला गाणगापूरच्या संगमावर हे पायरी चुकले. पाण्याला शेवटच्या दोनच पायऱ्या उरल्या होत्या म्हणून गुडघ्यावर निभावलं. दोष पायाचा नव्हता, चष्म्याचा होता. महिन्यापूर्वीच केलेला, चांगला महागाचा प्रोग्रेसिव्ह! अफजलपूरला परत आल्यावर तो कपाटात गेला आणि रेघेचा जुना बायफोकल बाहेर आला.

आमच्या घरात चष्म्याला नावंही तीन. माझ्या माहेरची चाळिशी, सासरचा चाळीसु आणि नातीच्या पुस्तकातलं कन्नडक. नावं कितीही असोत, काच डोळ्यासमोर नीट बसली नाही तर सगळी फुकट.

प्रोग्रेसिव्ह काचेत रेघ नसते. फ्रान्समध्ये 1959 साली बर्नार्ड मेतनाझ यांची अशी काच बाजारात आली. वरून लांबचं, खालून वाचायचं, आणि मधे नंबर हळूहळू बदलत नेणारी एक चिंचोळी वाट. वाटेच्या दोन्ही कडांना धूसर. म्हणून बाहुली नेमकी कुठे येते हे मिलिमीटरमध्ये मोजावं लागतं. यांच्या वेळी दुकानात नंबर तपासला, पण फ्रेम चेहऱ्यावर ठेवून काचेवर खूण काही कोणी केली नाही.

पुण्याहून लेकाचा फोन आला, "आई, काचा नव्या करू. माप घरीच घेऊन बघ, म्हणजे चूक कुठे झाली ते तरी कळेल."

मग काय, नातीच्या कंपासमधली पट्टी घेतली. खिडकीच्या उजेडात यांना समोर बसवलं, हातभर अंतरावर, डोळे एका पातळीत. मी उजवा डोळा मिटला आणि यांना म्हटलं, "माझ्या डाव्या डोळ्यात बघा." पट्टी नाकावर टेकवून शून्य यांच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर धरला. मग पट्टी न हलवता मी डावा मिटून उजवा उघडला आणि त्यांना त्यात बघायला लावलं. "अलुगाडब्याड्री!" म्हणून दोनदा ओरडावं लागलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण इतका वेळ एकमेकांच्या डोळ्यांत आम्ही पहिल्यांदाच बघितलं असेल. दोघांनाही हसू आवरेना, त्यामुळे माप तीनदा घेतलं.

64 भरलं. मोठ्या माणसांत हे बहुधा 54 ते 74 च्या दरम्यान असतं, म्हणजे ठीक. पण नाकाचा मध्य 31 वर आला! उजवीकडे 31, डावीकडे 33. नुसतं 64 सांगितलं असतं तर दुकानदाराने निम्मं-निम्मं करून 32-32 धरलं असतं आणि दोन्ही डोळे वाटेच्या कडेला लागले असते.

उंचीत मात्र मीच फसले. फ्रेम घालून यांना सरळ समोर बघायला सांगितलं, बाहुलीवर काचेला मार्करचा ठिपका दिला आणि ठिपक्यापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत मोजलं: 22. लिहूनही ठेवलं. मग लक्षात आलं की फ्रेम नाकावरून घसरलेली आहे! नाकावरच्या गाद्या आत दाबून पुन्हा मोजलं तर 19. तीन मिलिमीटरचा फरक. 22 वर काच केली असती तर फ्रेम वर सरकवताच वाचायचा भाग डोळ्याच्या जवळ चढला असता आणि पायऱ्या आणखी धूसर झाल्या असत्या. त्या जुन्या चष्म्याचंही असंच काही झालं असावं, असा माझा संशय.

तरी घरच्या पट्टीवर सगळा भरवसा ठेवला नाही. ठिपक्यांसकट फ्रेम आणि यांना घेऊन सोलापूर गाठलं. तिथल्या चष्मेवाल्याने यंत्रावर तपासलं. डावीकडे अर्ध्या मिलिमीटरची चूक निघाली, उंची जुळली. "बाई, माप कुठे शिकलात?" म्हणाला. हे लगेच कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, ते मी इथे लिहीत नाही.

नवा चष्मा घालून परवा पुन्हा संगमावर गेलो. प्रोग्रेसिव्हमध्ये पायरी बघताना हनुवटी जरा खाली घ्यावीच लागते, ती सवय अजून लागते आहे. "हात धरू का?" म्हटलं तर "ब्याड" म्हणाले. तिसऱ्या पायरीवर हात त्यांनीच पुढे केला.