बाग गहाण, लेक परदेशी

ऑगस्ट महिना उजाडला, की रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात एक वार्ता हमखास कानी पडते. अमक्याचा मुलगा कॅनडाला निघाला, तमक्याची मुलगी एम.एस्सी. करण्यासाठी इंग्लंडला चालली. पेढे वाटले जातात, धर्मगुरूंचा आशीर्वाद घेतला जातो. आम्हीही त्या आनंदात सहभागी होतो. मात्र ही पदवी कोणत्या मोलाने विकत घेतली, हे विचारण्याचे धैर्य आपल्यापैकी कोणी करीत नाही. तो प्रश्न आज आम्ही विचारणार आहोत, कारण त्याचे मोल आमच्याच घराने मोजले आहे.

आमचे घर पावसचे. आजोबांनी कातळाला सुरुंग लावून खड्डे पाडले, दुरून माती आणून भरली आणि हापूसची कलमे जगवली. पुतणीला इंग्लंडमध्ये प्रवेश मिळाला तेव्हा हीच बाग बँकेकडे गहाण पडली. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात. सल्ला देणाऱ्या एजंटाने पदवीनंतरच्या नोकरीचे गोडवे गायले. सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येते आणि त्या कमाईत खोलीभाडेही जेमतेम भागते, हे त्याने सांगितले नाही. पहाटे दुकानात माल लावणे, दुपारी प्रयोगशाळा, रात्री प्रबंधाचे लेखन, असे तिचे वर्ष गेले. फोनवर ती ‘मी बरी आहे’ एवढेच म्हणे. आम्हालाही तेवढेच ऐकायचे होते, हा आमचा अपराध. पदवी मिळाली, पण मनाजोगी नोकरी मिळाली नाही, आणि ती परतली. ‘व्हिसा संपला वाटते?’ असे तिला अनेकांनी विचारले. ‘काय शिकून आलीस?’ असे कोणीही विचारले नाही.

कलमाला वर्षातून एकदाच फळ येते आणि अवकाळी पावसाने मोहोर झडला, तर तेही येत नाही. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो.

परदेशी शिक्षण नकोच, असे आम्ही म्हणतो आहोत, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. त्याची थोरवी आमच्या रत्नागिरी जिल्ह्याइतकी कोणाला ठाऊक? दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले. शिष्यवृत्तीची मुदत सरताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना मायदेशी यावे लागले. पुढे प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. एवढ्या प्रतिभेलाही राजाचा, मित्राचा खांदा लागला. मग आपल्या सामान्य मुलांचा सगळा भार एकट्या बापाच्या बागेने का वाहावा?

अल्पसंख्याक समाजांसाठी केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ नावाची योजना होती. वार्षिक सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलाने परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज काढले, तर शिक्षणकाळातील व्याज सरकार भरीत असे. ख्रिस्ती मुलेही तिला पात्र होती. २०२२-२३ पासून ही योजना बंद झाली. सरकारला दोष द्यावाच लागेल. पण योजना चालू होती तेव्हा ती आपल्या किती धर्मग्रामांच्या फलकावर लागली? बंद झाली तेव्हा आपल्या किती संघटनांनी निवेदने धाडली? जे होते हेच ठाऊक नव्हते, ते गेल्याचे दुःख तरी कसे व्हावे!

‘आपला समाज लहान, शिष्यवृत्तीला पैसा कोठून आणायचा?’ असे कोणी म्हणेल. फेस्ताच्या बँडला आणि रोषणाईला पैसा मिळतो, लग्नाच्या मांडवाला मिळतो. विद्येपाशी आले, की तो आटतो. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दाखला आपण प्रवचनात ऐकतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण आधी बुरूज बांधतो आणि हिशेब त्यांच्या गळ्यात घालतो.

आमचे मागणे फार नाही. प्रत्येक धर्मग्रामाने फेस्ताच्या खर्चातला एक वाटा विद्यानिधीत टाकावा. त्यातून बिनव्याजी साहाय्य द्यावे. शिकून कमावू लागलेल्याने ते पुढच्या मुलासाठी परत करावे. दुसरे असे, की परदेशी शिकून आलेल्यांनी जाणाऱ्यांच्या घरी बसून खरे काय ते सांगावे. नियम तिकडे वर्षावर्षाला बदलतात. कॅनडाने निर्वाहखर्चाची दाखवावयाची रक्कम १ जानेवारी २०२४ रोजी दहा हजार डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली. एजंटाच्या जुन्या पत्रकावर विसंबून घर गहाण टाकणे शहाणपणाचे नव्हे. आणि तिसरे, परतून आलेल्या मुलाला हरलेला समजू नये. परांजपे परतले, आंबेडकर परतले. त्यांच्या परतण्याने हा देश मोठा झाला.

वाचकहो, पुढल्या ऑगस्टमध्ये पेढा हाती घेण्यापूर्वी त्या घराला एवढेच विचारा: तारण काय ठेवले? आणि उत्तर ऐकल्यावर नुसता आशीर्वाद देऊन घरी जाऊ नका.