चिखलाचा टायर: आधी तळ मोजा, मग माप विचारा



रोहिणी संपत आल्या, मृग तोंडावर आहे आणि फोनवर दरवर्षीचा प्रश्न सुरू झालाय. चिखलात चालायला टायर कुठल्या मापाचा घ्यावा? यंदा त्यात एटीव्हीची भर पडलीय. नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी ती चार फुगीर चाकांची गाडी पोरं बघून येतात आणि घरी येऊन म्हणतात, काका, हीच आपल्या शेतात घालू, हिला रुंद टायर आहेत, रुतणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रुंद टायर म्हणजे चिखलाचा टायर ही समजूत भाताच्या खाचरात बहुतेक ठिकाणी चुकीची आहे. आणि ज्याने जमिनीचा तळ मोजला नाही त्याला कुठलाही दुकानदार बरोबर माप सांगू शकत नाही.

आमच्याकडे पूर्वी रेड्यांनी चिखलणी व्हायची. रेड्याचा खूर केवढासा, अंगाचं वजन केवढं! पण तो रुतून बसत नसे. कारण खूर चिखलातून आरपार जाऊन खालच्या कडक थराला टेकायचा आणि तिथून जोर घ्यायचा. दुसरीकडे खाडीतली होडी घ्या. ती तळाला जातच नाही, वरच्या वर तरंगते. म्हणजे मार्ग दोनच. एकतर तळाला जा, नाहीतर वर तरंगा. जो टायर तळाला पोचण्याइतका उंच नाही आणि तरंगण्याइतका रुंद-हलकाही नाही, तो मध्येच अडकतो. गाडी पोटावर बसते, चाकं जागच्या जागी फिरतात आणि मग चार माणसं, दोरखंड आणि शिव्या.

भाताच्या खाचराला तळ असतो. वर्षानुवर्षं चिखलणी करून वितीभर खाली घट्ट थर बसलेला असतो. त्याच्यामुळेच खाचरात पाणी उभं राहतं. अशा जागी उंच आणि अरुंद चाक चांगलं. ते चिखल कापत खाली जातं, तळ पकडतं आणि पुढे ढकलावा लागणारा गाळही कमी असतो. रुंद टायर तोच गाळ समोर ढिगासारखा लोटत नेतो. इंजिनाचा अर्धा जोर त्या ढिगात जातो.

आता आमच्या उपनगरातलीच गंमत बघा. आरेच्या पाड्यांवरची उताराची खाचरं घ्या, तिथे थोड्या मातीखाली मुरूम लागतो. तळ पक्का. आमच्या गोराई-मनोरीला समुद्राकडच्या वाड्या रेताड. आणि खाडीच्या बाजूला खाजण, काळी चिकट माती, तिवरांना लागून. तिथे सळई घातली तर जातच राहते. एकाच जिल्ह्यात तीन प्रकारच्या जमिनी, मग "मुंबईकडे कुठलं माप चालतं" या प्रश्नाला काय उत्तर देणार? कर्जत, मुरबाड, पालघरच्या मंडळींनीही आपापल्या शेतात हेच बघावं, माझ्या मापाची नक्कल करू नये.

तळ मोजायला खर्च नाही. बांधकामाची आठ-दहा मिलिमीटरची सळई घ्या, तिच्यावर दर दोन इंचाला खूण करा. खाचरात दोन-तीन दिवस पाणी उभं राहिलं की हाताच्या जोराने सरळ खाली घाला. जिथे थांबली ती खूण वाचा. एका खाचरात निदान आठ-दहा जागी मोजा. पाणी उतरतं त्या कोपऱ्यात आणि जुन्या बांधाजवळ नक्की मोजा, खड्डा तिथेच सापडतो. सर्वांत खोल आकडा तुमच्या कामाचा. सरासरी काढत बसू नका, गाडी सरासरीत रुतत नाही.

हा आकडा हातात आला की टायरचे आकडे वाचता आले पाहिजेत. इथे घोटाळा होतो, कारण ट्रॅक्टरचं आणि एटीव्हीचं माप लिहायची पद्धत वेगळी आहे. ट्रॅक्टरवर ८.३-२० लिहिलं असेल तर टायर ८.३ इंच रुंद आणि रिंग २० इंचाची. टायरची एकूण उंची यात कुठेच नाही, ती कंपनीच्या तक्त्यात बघावी लागते किंवा टेपने मोजावी लागते. एटीव्हीच्या टायरवर २५x८-१२ असे तीन आकडे असतात. पहिला २५ म्हणजे टायरची एकूण उंची, ८ म्हणजे रुंदी, १२ म्हणजे रिंग. बरेच जण २५ ला रिंग समजतात आणि म्हणतात, बघा ट्रॅक्टरपेक्षा मोठं चाक! मोठं कसलं, पॉवर टिलरच्या ६-१२ टायरची उंचीही जवळपास तेवढीच भरते.

२५ इंच उंच चाकाचा मध्य जमिनीपासून साडेबारा इंचावर. त्यातून गाडीच्या खालचा लोखंडी भाग वजा करा. जे उरलं ते तुमच्या सळईच्या सर्वांत खोल आकड्यापेक्षा निदान दोन-तीन इंच जास्त असलं पाहिजे. नसेल तर त्या खाचरात ती गाडी नको, टायर कितीही भारी असू दे.

मग पोरं म्हणतात, २७ इंची घालू. हिशोब करा. २५ चा २७ केला तर गाडीखाली वाढतो फक्त एक इंच, कारण उंचीचा अर्धाच भाग मध्याखाली असतो. आणि चाकाचा घेर वाढतो ८ टक्के. म्हणजे त्याच गिअरमध्ये गाडी ८ टक्के जास्त पळते आणि ओढ साधारण तेवढीच कमी होते. चिखलात आपल्याला पळायचं नसतं, ओढायचं असतं. एका इंचासाठी हा सौदा मला पटत नाही.

चारही चाकांना जोर असलेला मिनी ट्रॅक्टर असेल तर जास्तच सांभाळा. पुढची आणि मागची चाकं आतून गिअरने बांधलेली असतात आणि त्यांच्या घेराचं प्रमाण कंपनीने ठरवलेलं असतं. पुढची चाकं किंचित पुढे ओढतील असं ते असतं. मागचे टायर मोठे घातले आणि पुढचे तसेच ठेवले की दोन्ही जोड्या एकमेकींशी भांडायला लागतात. चिखलात चाक घसरतं म्हणून हे कळत नाही. डांबरी रस्त्यावर पुढच्या गिअरमधून आवाज यायला लागला की कळतं, तोवर खर्च लागलेला असतो. आमच्या बाजूच्या एका भावाला एका दुकानात "चिखलाचे आहेत" म्हणून मागे जास्त रुंद टायर बसवून दिले. टायर मडगार्डला घासत होतेच, पण ऐन लावणीत गाडी दुरुस्तीला गेली. आवण जुनं झालं. एकवीस-पंचवीस दिवसांचं रोप लावायचं ते चाळिशीला आलं, मग फुटवे कुठून येणार? टायर चुकीचा असला की नुकसान टायरच्या किमतीएवढं नसतं, ते भाताच्या कणगीत दिसतं.

गोराईहून ट्रॅक्टर दुरुस्तीला न्यायचा म्हणजे उत्तन-भाईंदरवरून फेरा. भांडुपला सिएटचा कारखाना उभा आहे, पण बोरिवलीत शेतीचा टायर विचारा, दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. म्हणून जे माप वसई-विरार, भिवंडीकडे सहज मिळतं आणि ज्याची ट्यूबही मिळते तेच घ्यावं. आषाढात ट्यूब शोधत फिरायला वेळ नसतो.

दातांबद्दल थोडं. साध्या शेतीच्या टायरला आर-१ म्हणतात, भाताच्या खोल दातांच्या टायरला आर-२. आर-२ चे दात जवळजवळ दुप्पट खोल असतात, चिखलात छान पकडतात, पण कोरड्या शेतात आणि डांबरावर लवकर झिजतात, धक्केही देतात. ज्याची वर्षातली पंधरा दिवसच चिखलणी आणि बाकी वर्षभर भाजीपाला, ट्रॉली, रस्ता, त्याने आर-१ ठेवावा आणि चिखलणीला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावावीत. माझ्या मते लहान शेतकऱ्याला हाच सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय. पिंजरा उंचही असतो, गाळही धरून ठेवत नाही. फक्त रस्त्यावरून जाताना काढून न्यायचा, रस्ता फाडत जायचं नाही. काढा-घालायचा कंटाळा येतो हे मान्य, पण रुतलेली गाडी काढायचा कंटाळा त्याहून मोठा. आणि टायर बसवताना बाजूवरचा बाण बघा. दातांचा मधला भाग आधी जमिनीला लागला पाहिजे म्हणजे गाळ बाहेर फेकला जातो. उलटा बसवला तर गाळ दातांत भरून टायर गुळगुळीत होतो.

मग रुंद टायर कुठेच नको का? हवा ना. आमच्या समुद्राकडच्या रेताड वाडीत खत, भाजीच्या जाळ्या वाहायला रुंद टायर, हवा थोडी कमी, उत्तम चालतो. एटीव्हीला मी नावं ठेवत नाही, ती या कामाला चांगली. मऊ जमिनीवर टायरचा दाब साधारण त्यातल्या हवेच्या दाबाएवढा पडतो, म्हणून हवा कमी केली की टायर पसरतो आणि कमी दबतो. पण कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नका, रिंग आतल्या आत फिरते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरा. एटीव्ही घेणाऱ्याने रस्त्यावर चालवायचं पासिंग आहे का, हे पैसे देण्याआधी कागदावर बघावं.

खाजणात, जिथे सळई थांबतच नाही, तिथे मी कुठलीही गाडी घालणार नाही. पाणी उतरू द्यायचं, नाहीतर हाताने लावायचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती खाऱ्या जमिनीसाठीच आहेत, तिथे जातीवर भर द्या, टायरवर नको.

कृषी खात्यातली मंडळीही हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. महाडीबीटीवर अर्ज करताना शेतकऱ्याला हॉर्सपॉवर विचारतात, तळाची खोली कोणी विचारत नाही. यंत्राचं वजन आणि टायर बघितल्याशिवाय जड ट्रॅक्टर लहान खाचरात घातला की दोन-चार वर्षांत तो कडक थरच फुटतो. मग पाणी टिकत नाही आणि पुढच्या वर्षी गाडी आणखी खोल जाते. आपण म्हणतो जमीन रुताऊ झाली. ती यंत्राने केलेली असते. प्रात्यक्षिकाला येताना एक सळई घेऊन या एवढंच म्हणणं आहे.

आणि वरच्या, पाणी निचरा होणाऱ्या खाचरांसाठी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र बघून या. गादीवाफे एकदाच करायचे, भात टोकायचं, चिखलणीच नाही. तिथे चिखलाच्या टायरचा प्रश्नच उरत नाही. सगळ्यांना जमेल असं नाही, तणाचा बंदोबस्त नीट लागतो. पण नव्या टायरांच्या जोडीला पैसे मोजण्याआधी दोन गुंठ्यांवर करून बघायला काय हरकत आहे?

ज्यांना माप विचारायचंय त्यांनी टायरच्या बाजूवरचे आकडे दिसतील असा फोटो पाठवा, गाडीचं मॉडेल लिहा, चार चाकांना जोर आहे की दोन ते लिहा. आणि सळईचा सर्वांत खोल आकडा. तो नसेल तर पहिल्या पावसानंतर मोजून मग फोन करा, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. मधल्या वेळात मी शेतात असतो.