थर्ड किकला स्टार्ट

आमच्या टीममधला एक जण लंडनच्या प्रोजेक्टवरून परतला. सगळ्यांना चॉकलेट्स, आणि मला एक जुनी एलपी. ‘फॉर डान्सर्स ओन्ली’, केन्ट रेकॉर्ड्स, १९८२. म्हटलं, राजा, ही वाजवू कशावर? म्हणाला, भिंतीवर लाव. लावली. आणि गाणी एकेक करून फोनवर शोधली. तेव्हापासून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मी मान हलवत असतो. शेजारच्या कॅबवाल्याला वाटतं, गेला बिचारा!

साठच्या दशकातल्या लंडनमध्ये ‘मॉड्स’ नावाची पोरं होती. मॉडर्निस्टचं मॉड. कारकून, सेल्समन, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच नोकरदार जमात. आठवडाभर साहेबाचं ऐकायचं, पगार इटालियन कटच्या सुटावर उडवायचा आणि शनिवारची रात्र सोहोतल्या फ्लेमिंगो क्लबात पहाटेपर्यंत नाचून काढायची. नाचायचं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या सोलवर. डेट्रॉइटचं मोटाऊन, मेम्फिसचं स्टॅक्स. पुढे लंडनमधली फॅशन ओसरली, पण उत्तर इंग्लंडातल्या गिरणीवाल्या गावांनी हे वेड सोडलं नाही. विगन कसिनोत १९७३ ते १९८१ रात्रभर नाच चाले. दारू नाही, घसरायला सोपं जावं म्हणून फरशीवर टाल्कम पावडर!

गंमत म्हणजे तिथे अमेरिकेत आपटलेलं गाणंच भाव खायचं. फ्रँक विल्सनची १९६५ची एक रेकॉर्ड मोटाऊनने बाजारात आणलीच नाही, जवळपास सगळ्या प्रती नष्ट केल्या. उरलेल्यांपैकी एक २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली. डीजे लोक तर रेकॉर्डच्या लेबलवर कागद चिकटवायचे, दुसऱ्याला नाव कळू नये म्हणून. केन्टने अशीच विस्मृतीत गेलेली गाणी गोळा करून एलपी काढल्या, त्यातली ही पहिली.

आता यात हिंगोली कुठून आली?

मॉड्सची सवारी म्हणजे व्हेस्पा नाहीतर लॅम्ब्रेटा. आणि बजाजने साठच्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीत बनवली ती पिआज्जोच्या परवान्यावरची व्हेस्पाच. परवाना संपला, १९७२ मध्ये तिचीच ‘चेतक’ झाली. लॅम्ब्रेटाची अख्खी मशिनरी लखनौला आली, तिची ‘विजय सुपर’ झाली. पुढे तर भारतातल्या जुन्या स्कूटर रंगरंगोटी करून पुन्हा इंग्लंडला जायला लागल्या. म्हणजे सोहोतली ती स्टायलिश पोरं ज्यावर मिरवत होती, त्याच गाडीच्या बहिणीवर आम्ही चौघं औंढा नागनाथला जायचो. मी पुढे उभा, ताई मध्ये, आई मागे डबा घेऊन. पार्का कोट तेवढा नव्हता.

ती चेतक अजून घरी आहे. बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली. आईने भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. मागच्या महिन्यात मी त्यासाठीच गेलो होतो. म्हणजे आईच्या बाजूने.

डिकी रिकामी करताना एक कॅसेट सापडली. साठ मिनिटांची, वर बाबांच्या अक्षरात ‘वरात’. ताईच्या लग्नाआधी बाबांनी कागदावर यादी करून दुकानात दिली होती, दुकानदाराने पट्टी भरून दिली होती. मला वाटायचं बाबांना गाण्यातलं काही कळत नाही. यादीत एकही भावगीत नाही! सगळी नाचाची. आणि त्या वरातीत ते नाचले होते, हे मी साफ विसरलो होतो. तेव्हा लाज वाटली होती, म्हणून असेल.

कॅसेट वाजवायला काही नव्हतं, म्हणून अंगणात फोनवर माझी गाणी लावली. बाबा खुर्चीत.

“काय ऐकायलास रे हे?”

“नाचायची गाणी बाबा. इंग्लंडातली पोरं नाचायची यावर.”

थोडा वेळ ऐकलं. बोटं खुर्चीच्या हातावर. “ढोलकं जोरात हाय. आपल्या बँडवाल्यावानी.” मग म्हणाले, “ती गाडी काढ बाहेर.”

“बाबा, डॉक्टर...”

“मी कशाला मारू? तू मार.”

पहिली किक, काही नाही. दुसऱ्या किकला खोकली. “तिरकी कर जरा,” खुर्चीतून ऑर्डर. केली. तिसऱ्या किकला स्टार्ट! निळा धूर, आई पदर नाकाला लावून दारात. बाबांचा चेहरा... असो.

संध्याकाळी भंगारवाला आला. गाडी बघितली, टायर दाबलं, आकडा सांगितला. आईने माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे.

“इतक्यात?” बाबा म्हणाले. “इंग्लंडात नेतेत म्हणं लोक अशा. विचार याला.”

त्याने मला विचारलं. मी हो म्हणालो.




गाडी अजून अंगणातच आहे. बाबांनी ती सगळी गाणी पेन ड्राइव्हवर मागितलीत. आई माझ्याशी नीट बोलत नाहीये.