उशिरा कळलेले निदान

जून २०१६ मध्ये नागपुरात जन्मलेली एक बालिका अवघे दोन दिवस जगली. जाड, भेगाळलेली कातडी आणि बाहेर उलटलेल्या पापण्या घेऊन ती आली होती. ‘हार्लेक्विन इक्थिऑसिस’ हे तिच्या आजाराचे नाव. चर्चा मात्र आजारापेक्षा रूपाचीच अधिक झाली. अशा मुलाच्या आईने ग्रहण पाळले होते की नाही, हे विचारणारे शेजारीही आपल्याकडे अद्याप आहेत.

ग्रहणाचा येथे काडीइतकाही संबंध नाही. कातडीचे स्निग्ध आवरण घडविणाऱ्या एका जनुकातील दोष या आजाराच्या मुळाशी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. तो आई आणि वडील या दोघांकडूनही यावा लागतो. दोघे स्वतः धडधाकट असतात. परंतु त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारात एक एवढा धोका राहतो. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या घराण्यांत आहे, तेथे असे दोन दोष एकत्र येण्याचा संभव अर्थातच वाढतो.

मग सोनोग्राफीत हे दिसत नाही काय? दिसते, पण उशिरा. सताड उघडे तोंड, बसके नाक, सुजलेले हातपाय, गर्भजलात तरंगणारे कातडीचे कण या खुणा बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास किंवा त्याहीनंतर स्पष्ट होतात. नेहमीची तपासणी विसाव्या आठवड्याच्या आसपास उरकलेली असते आणि ‘सर्व ठीक’ असा अहवाल घरी पोचलेला असतो. गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येईल, अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने केली, हे योग्यच झाले. परंतु सातव्या महिन्यात हाती आलेल्या मुभेचे त्या मातेने करावे काय?

यंत्रापेक्षा पहिल्या अपत्याचे रक्त येथे अधिक बोलके असते. त्यातील नेमका दोष ठाऊक असेल, तर पुढच्या खेपेस अकराव्या आठवड्यापासून वारेचा अंश तपासून उत्तर मिळू शकते. निर्णय अर्थातच आईबापांचा. उत्तम शुश्रूषा लाभलेली अशी काही मुले प्रौढ वयापर्यंत जगलीही आहेत. पण अर्भक दगावले की घाईने मूठमाती दिली जाते आणि पुरावाही तिच्याबरोबर जातो. जिल्हा रुग्णालयात पालकांच्या संमतीने तो नमुना कोणी घ्यावयाचा, कोठे धाडावयाचा, हे आरोग्य खात्याने एका परिपत्रकात स्पष्ट करावे, आणि तपासणीचा खर्च त्या कुटुंबाच्या माथी मारू नये.