चोरीचा माल आणि आठ तासांची परीक्षा

सांगलीच्या बाजारात हळदीची आडत करणाऱ्या एका श्रावक घराण्यात तीन पिढ्यांनंतर प्रथमच एका मुलाने पेढीची गादी सोडून संगणक जाळ्यांचे, म्हणजे नेटवर्किंगचे, शिक्षण घेतले. पुण्यात नोकरी लागली, चार वर्षे अनुभव झाला आणि त्याने ‘सीसीआयई’ या परीक्षेचा ध्यास घेतला. पहिल्या प्रयत्नात तो अनुत्तीर्ण झाला. बंगळूरहून परत आल्यावर एका सहकाऱ्याने त्याला जवळचा मार्ग दाखवला. लॅबमध्ये येणारे नेमके प्रश्न, जुळणीच्या आकृत्या आणि तयार उत्तरे विकत मिळतात. या व्यवसायात त्याला ‘डम्प’ म्हणतात. पुन्हा बसण्याचे शुल्क आणि या डम्पची किंमत, अशी दोन्ही रक्कम मागण्यासाठी मुलगा दिवाळीच्या सुटीत वडिलांसमोर येऊन बसला.

ही परीक्षा कोणती, हे आधी समजून घेतले पाहिजे. सिस्को या अमेरिकी कंपनीने ती १९९३ मध्ये सुरू केली. प्रारंभी प्रात्यक्षिक दोन दिवस चाले. २००१ पासून ते एका दिवसाचे, आठ तासांचे झाले. २०२० मध्ये तिचे स्वरूप पुन्हा बदलले. आधी दोन तासांची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. त्यानंतरच्या लॅबमध्ये पहिले तीन तास जाळ्याच्या आराखड्याचे असतात आणि पुढचे पाच तास ते जाळे उभारण्याचे, चालवण्याचे व त्यातील दोष दूर करण्याचे. नव्या स्वरूपाच्या वेळी केवळ लॅबचे शुल्क १६०० अमेरिकी डॉलर होते. प्रवास, मुक्काम आणि बुडालेली रजा हा खर्च वेगळा. प्रमाणपत्राची मुदतही तीन वर्षांचीच. पुढे ज्ञान अद्ययावत ठेवून ते टिकवावे लागते.

वडिलांनी सर्व ऐकून घेतले. राउटर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘हे प्रश्न विकणाऱ्याकडे आले कुठून?’’

‘‘अण्णा, परीक्षा देऊन आलेले लोक आठवून आठवून सांगतात. त्यातून ते जमा करतात.’’

‘‘आणि परीक्षा देताना, बाहेर काही सांगणार नाही, असं लिहून देतात का?’’

मुलगा गप्प राहिला. प्रत्येक उमेदवाराला गोपनीयतेचा करार मान्य करावाच लागतो; त्याने स्वतः तो मान्य केला होता.

‘‘मग हा चोरीचा माल झाला,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आपण तो घेत नाही.’’

‘‘पण मी कुठं चोरी करतोय? मी तर पैसे देऊन घेणार.’’

या उत्तरात जी पळवाट आहे, ती व्यापारी समाजाला नवी नाही. म्हणूनच आपल्या आचार्यांनी अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगताना ‘तदाहृतादान’ हा स्वतंत्र सांगितला: चोराने आणलेली वस्तू घेणे. तिथे मूल्य दिले की नाही हा प्रश्नच नाही. मूल्य दिल्याने माल शुद्ध होत नाही. उलट ग्राहक मिळाल्याने चोराला पुढच्या चोरीचे प्रोत्साहन मिळते, आणि असे प्रोत्साहन देणे हा ‘स्तेनप्रयोग’ हा आणखी एक अतिचार आहे. पाचवा ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे अस्सलच्या जागी नकली देणे. हळदीच्या व्यापाऱ्याला तो वेगळा समजवावा लागत नाही. निकृष्ट हळकुंडांना लेड क्रोमेटचा पिवळा रंग चढवला की ढीग डोळ्यांत भरतो आणि भावही मिळतो. पण ते शिसे कोणाच्या तरी मुलाच्या पोटात जाते. डम्पवर मिळवलेले प्रमाणपत्र ही तशीच रंगवलेली हळद आहे. ज्या रुग्णालयाचे किंवा बँकेचे जाळे त्या प्रमाणपत्राच्या विश्वासावर सोपवले जाते, तिथे एका मध्यरात्री ते बंद पडते आणि पाठ केलेले उत्तर त्या बिघाडाला लागू पडत नाही.

अण्णांनी शुल्काची रक्कम देण्याचे मान्य केले, डम्पची नाकारली. मुलगा नाराज होऊन पुण्याला गेला. मात्र त्या रात्री गप्प राहावे लागलेला तो प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही, आणि त्याने तयारी नव्याने मांडली.

त्या तयारीचे स्वरूप पाहिले तर आपल्या परंपरेतील स्वाध्यायाचे पाच प्रकार आठवतात. पहिली वाचना. परीक्षेचा अधिकृत विषयक्रम सर्वांसाठी खुला असतो. तो छापून त्याने प्रत्येक विषयापुढे तीन रकाने आखले: वाचले, करून पाहिले, न पाहता करता आले. मार्ग शोधणाऱ्या ओएसपीएफ आणि बीजीपी या पद्धतींचे मूळ नियमही विनामूल्य उपलब्ध आहेत. ते त्याने प्रथमच सावकाश वाचले.

दुसरी पृच्छना, म्हणजे शंका विचारणे. पहिल्या प्रयत्नात दोन राउटर एकमेकांना ओळखत होते, पण पुढची देवाणघेवाण होत नव्हती. तेव्हा त्याने आज्ञा बदलून पाहण्यात बराच वेळ घालवला होता. आता त्याने आधी ‘का’ विचारले. एका बाजूला पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट आणि दुसऱ्या बाजूला १४०० असेल, तर ओळखीची लहान पाकिटे पोहोचतात. पण माहितीची यादी जुळवण्याच्या टप्प्यावर ही मर्यादा तपासली जाते आणि व्यवहार तिथेच अडतो. हे कारण कळल्यावर त्याला तो दोष पाठ करावा लागला नाही.

तिसरी अनुप्रेक्षा, म्हणजे चिंतन. घरात पेढीची रोजकीर्द पाहिलेली असल्याने त्याने चुकांचीही कीर्द ठेवली: तारीख, काय बिघडले, काय समजलो, खरे कारण काय, किती मिनिटे गेली. रात्री प्रतिक्रमणात दिवसाच्या दोषांची आलोचना करावी, तशी तो ती वही वाची. दोन महिन्यांत एक गोष्ट उघड झाली. त्याच्या बहुतेक चुका अज्ञानाच्या नव्हत्या. प्रश्न घाईने वाचल्याच्या होत्या.

चौथा आम्नाय, म्हणजे आवृत्ती. जीएनएस-३ आणि ईव्ह-एनजी यांसारख्या साधनांनी एका संगणकावर आभासी राउटरांचे जाळे उभारता येते. दर रविवारी तो सलग आठ तास घड्याळ लावून बसे. पाचवा धर्मोपदेश. अर्थात इथे धर्म नव्हे, विद्या. पण तत्त्व तेच. कार्यालयातील दोन नवख्यांना तो शनिवारी शिकवू लागला. जे दुसऱ्याला साध्या शब्दांत सांगता आले नाही, ते आपल्यालाही आलेले नाही, हे तिथे त्याला कळले.

दुसऱ्या प्रयत्नात तो पुन्हा अनुत्तीर्ण झाला.

हे लिहिणे आवश्यक आहे, कारण सचोटीने वागले की लगेच यश येते असे सांगणारे लेख तरुणांची फसवणूकच करतात. ज्याने डम्पचा मार्ग दाखवला होता, तो सहकारी त्याच वर्षी उत्तीर्ण झाला आणि त्याची पगारवाढही झाली. त्या संध्याकाळी बंगळूरच्या परीक्षा केंद्रातून बाहेर पडल्यावर सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्यासाठी हा मुलगा एका साध्या उपाहारगृहात बसला आणि तिथूनच त्याने घरी फोन केला.

‘‘अण्णा, झालं नाही. तुमचे पैसे दुसऱ्यांदा गेले.’’

‘‘मागच्या वेळेपेक्षा काय वेगळं झालं?’’

मुलाने विचार करून सांगितले की मागच्या वेळी आपण का नापास झालो हेच कळले नव्हते. या वेळी कोणत्या भागात वेळ कमी पडला ते नेमके ठाऊक आहे.

‘‘मग जेवून घे. दिवस मावळेल.’’

ज्या घरांतील मुले अशा परीक्षांची तयारी करतात, त्यांनी काही गोष्टी आरंभीच ठरवाव्यात. एकाच नव्हे, तर दोन-तीन प्रयत्नांच्या शुल्काची तरतूद करावी; एकाच प्रयत्नाचे पैसे हाती असले की मन आडवाटेला लवकर वळते. ‘हमखास उत्तीर्ण’ किंवा ‘परीक्षेतलेच प्रश्न’ असे सांगणाऱ्या शिकवणीपासून दूर राहावे. सरावाचे प्रश्न आणि चोरलेले प्रश्न यांतला भेद मुलांना स्पष्ट सांगावा: पहिले कौशल्य तपासण्यासाठी कोणीतरी स्वतः रचलेले असतात, दुसरे करार मोडून बाहेर आणलेले असतात. गैरप्रकार उघड झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुढील परीक्षांना बंदीही येऊ शकते, हे खरे. परंतु केवळ पकडले जाण्याच्या भीतीवर उभे राहिलेले व्रत पहारा उठताच मोडते.

त्या घरात चोपडी लिहिताना मुनीमजींनी विचारले, ‘‘मालक, पोराच्या परीक्षेचे पैसे कोणत्या खात्यात टाकू? खर्चात?’’ अण्णांनी क्षणभर विचार करून सांगितले, ‘‘भांडवलात लिहा.’’ मुलाने तिसऱ्या प्रयत्नाची तारीख घेतली आहे. चुकांच्या कीर्दीची तिसरी वही सुरू आहे.