उतारावरची गाडी

यंत्र जितके शहाणे होत जाते तितका माणूस निष्काळजी होत जातो, अशी माझी एक जुनी समजूत आहे. गेल्या पावसाळ्यात तिची प्रचीती आली.

खानापूर तालुक्यातील आमच्या शेतीच्या कामासाठी पुतण्याने एक पिकअप घेतली आहे. तिला क्लच नाही. गिअर आपोआप बदलतात आणि चिखलात अडल्यास चारही चाकांना इंजिनाचे बळ देता येते. त्या दिवशी चिखलातून वर आल्यावर त्याने फाटकापुढे चढावर गाडी थांबविली, दांडा ‘एन’वर ठेवून कळ ‘फोर-लो’वरून ‘टू-हाय’कडे फिरविली आणि लगेच दांडा ‘पी’वर नेऊन फाटक उघडावयास तो खाली उतरला. हँडब्रेक ओढलाच नव्हता. गाडी हळूहळू मागे सरकू लागली. मागे त्याची सहा वर्षांची मुलगी उभी होती. मी ओरडलो, ती बाजूस झाली आणि गाडी बांधाला जाऊन टेकली. कोणास खरचटलेही नाही. परंतु त्या रात्री आम्हा दोघांसही झोप आली नाही.

“काका, गाडी ‘पी’वर होती हो!” असे तो पुन्हा पुन्हा म्हणे. ते खोटे नव्हते. मग आम्ही गाडीबरोबर आलेली पुस्तिका प्रथमच उघडली.

‘पी’ म्हणजे ब्रेक नव्हे. गिअरपेटीतील एका दातेरी चाकात अडकणारी ती लहानशी खिट्टी. गाडीच्या चाकांना ती थेट धरीत नाही. मध्ये पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारी दुसरी पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. ‘फोर-लो’ लावताना वा काढताना ही पेटी मधल्या काळात मोकळी होते. समोरचा दिवा लुकलुकत असेतो जोड पुरा झालेला नसतो. अशा वेळी खिट्टी लागली तरी चाके मोकळीच! म्हणून पायाने ब्रेक दाबून ठेवावा, दिवा स्थिर होऊ द्यावा, हँडब्रेक पुरता ओढावा, नंतर दांडा ‘पी’वर न्यावा आणि सर्वांत शेवटी पाय उचलावा.

दुसरी गोष्ट अशी की, वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबची वाट चालतात. आमच्यासारख्या गाडीत ‘फोर-हाय’ वा ‘फोर-लो’ लावल्यावर पुढचा व मागचा आस एकाच गतीने बांधले जातात. चिखलात चाके घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर मात्र सारा ताण दातेरी चाकांवर व टायरांवर येतो. पक्का रस्ता लागताच ‘टू-हाय’वर यावे.

आपल्यापैकी अनेकजण बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जातात. घाट उतरताना दांडा ‘एन’वर कधीही ठेवू नये. हाताने खालचा गिअर घ्यावा, म्हणजे इंजिनच गाडीस आवरते; नाहीतर ब्रेक तापून दुबळे होतात. चारही चाकांना बळ दिले म्हणजे गाडी लवकर थांबेल, हाही भ्रमच. ब्रेक मुळातच चारही चाकांना असतात. ते बळ चालण्याचे आहे, थांबण्याचे नव्हे.

हल्ली गाडी थांबली की आमची नात आधी विचारते, “बाबा, हँडब्रेक ओढला?” उत्तर मिळाल्यावाचून ती दार उघडीत नाही.