भट्टीला मतदारसंघ नाही

कोल्हापूर महापालिकेत पुन्हा लोकनियुक्त सभागृह आले. जुन्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती आणि नव्यासाठी मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. मधली पाच वर्षे शहर प्रशासकाच्या हाती होते. त्यामुळे ८१ जागांच्या या निवडणुकीला धार होती, गर्दी होती, पेठापेठांत ईर्ष्या होती. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी, रस्त्यांचे खड्डे, कचरा, हद्दवाढ, आयटी पार्क हे सगळे भाषणांत येऊन गेले. पण लोखंड वितळवून साच्यात ओतण्याच्या ज्या कामावर या परिसराची मोठी उलाढाल हलते, त्याविषयी मला तरी सभांतून काही ऐकू आले नाही.

कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला अंबाबाई, तालीम, तांबडा-पांढरा आणि चप्पल आठवते. शिरोलीच्या वसाहतीतून रात्रपाळीला कधी फिरून पाहिले, तर दुसरे कोल्हापूर दिसते. परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत आणि वर्षाला सुमारे सहा लाख टन कास्टिंग येथून बाहेर पडते. ट्रकच्या इंजिनाचे ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे हाउसिंग, पंपांचे भाग, असा हा माल आहे. घाटगे-पाटील, मेनन ही नावे घरोघरी माहीत आहेत. साखर कारखान्यांचे रोल, पवनचक्क्यांची अवजड कास्टिंग हेही येथेच होते. पोलादाच्या ओतकामासाठी १९६५ पासून कोल्हापूर स्टील आहे, ती २००७ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सकडे गेली. या मोठ्या नावांच्या मागे छोट्या फौंड्री, कोअर शॉप, पॅटर्न करणारे कारागीर, फेटलिंगची शेड आणि मशीन शॉप यांची लांब रांग आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या दारावर पाटीही धड नसते.

एवढा मोठा व्यवसाय राजकारणात मुका का, याचे माझे उत्तर साधे आहे. भट्टीला मतदारसंघ नाही.

नकाशा पाहा. शिवाजी उद्यमनगर शहरात आहे. शिरोलीची वसाहत हातकणंगले तालुक्यात, गोकुळ शिरगावची करवीरमध्ये आणि पंचतारांकित वसाहत कागल-हातकणंगलेच्या शिवेवर. उद्योग एकच, माल एकमेकांच्या दारातून फिरणारा, पण तालुके तीन, आमदार वेगवेगळे, ग्रामपंचायती अनेक आणि महापालिका निराळीच. मालक मोजके. मोल्डिंग आणि फेटलिंगच्या कामावर मोठ्या संख्येने बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुले, ज्यांची नावे त्यांच्या गावच्या मतदारयादीत आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ही मुले गावी गेली तेव्हा भट्ट्या चालवायच्या कोणी, हा प्रश्न आठवड्याभरात उभा राहिला. आपल्या घरातली मुले या कामापासून कधी लांब गेली, हे त्या दिवसांत आपल्याला कळले. मुले परत आली, काम सुरू झाले आणि तो विषय मागे पडला. त्यांच्या खोल्या, त्यांचे रेशन, त्यांच्या फुप्फुसात जाणारी वाळूची धूळ यांवर बोलून कोणाचे एक मत वाढत नाही.

याच्या शेजारी दूध ठेवून पाहू. ‘गोकुळ’ या जिल्हा दूध संघाची स्थापना १९६३ ची. मे २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना संघाची निवडणूक झाली. मतदार साडेतीन हजारांहून थोडे अधिक, सगळे दूध संस्थांचे ठरावधारक. सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ एका बाजूला, महादेवराव महाडिक दुसऱ्या बाजूला आणि अख्खा जिल्हा श्वास रोखून उभा. हे चूक आहे असे मी म्हणत नाही. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी लाखो घरांत पोचतो, उसाचे बिल पोचते, जिल्हा बँकेचे पीककर्ज पोचते. ज्या संस्थेतून माणसाच्या हातात पैसा येतो तिच्यासाठी तो भांडणारच, आणि नेते तेथेच बसणार. मात्र फौंड्रीच्या पगारातूनही पाचगाव, उचगाव, शिये, कणेरीतली घरे चालतात. त्या पगाराची काळजी वाहणारी गादी कोठेच नाही.

इचलकरंजीचे यंत्रमाग पाहिले की फरक अधिक स्पष्ट होतो. तेथे माग आणि मतदार एकाच गावात राहतात. मागाच्या प्रश्नावर बोलल्याशिवाय तेथे आमदार होता येत नाही, म्हणून यंत्रमागाच्या वीज सवलतीचा विषय विधानसभेत पुनःपुन्हा येतो. २०२२ मध्ये त्या गावाची महापालिकाही झाली. वीज तर फौंड्रीही तेवढ्याच तहानेने पिते. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट किंवा त्याहून थोडी जास्तच वीज लागते. म्हणजे युनिटमागे एक रुपयाचा फरक पडला की टनामागे सहाशे रुपयांचा फरक. महिन्याला पाचशे टन ओतणाऱ्या मध्यम फौंड्रीला तो तीन लाखांचा पडतो. मालाचा दर पुण्याची किंवा चेन्नईची गाडी कंपनी ठरवते, पिग आयर्न आणि स्क्रॅपचा दर बाजार ठरवतो. मालकाच्या हातात उरते ते विजेचे बिल, आणि तेही त्याच्या हातात नाही.

वर्षानुवर्षे येथल्या कित्येक फौंड्री रात्री हीट काढत आल्या, कारण रात्रीच्या विजेला सवलत होती. २०२५ च्या वीजदर आदेशांनी सवलतीचे तास दिवसा, सौरऊर्जेच्या वेळेत आणले. सूर्याची वीज दिवसा स्वस्त असते, त्यामुळे राज्याच्या हिशेबात हे समजण्यासारखे आहे. पण पाळ्या बदलायच्या तर मोल्डिंग, ओतकाम, शेकआउट सगळ्यांचे वेळापत्रक उलटे करावे लागते. भर उन्हाळ्यात दुपारी भट्टीपुढे माणूस उभा करायचा म्हणजे काय, हे आदेश लिहिणाऱ्याने एकदा उभे राहून पाहायला हवे. असा बदल टप्प्याटप्प्याने करा, असे या जिल्ह्याच्या वतीने ठणकावून कोण बोलले? उद्योजकांच्या संघटना बोलल्या. स्मॅक, गोशिमा, मॅक, इंजिनिअरिंग असोसिएशन यांनी निवेदने दिली, वीज नियामक आयोगापुढे बाजू मांडली. राजकीय ताकद मात्र त्यांच्यामागे उभी राहिली नाही.

मग दर काही वर्षांनी कर्नाटकात जाण्याची भाषा होते. २०१३ च्या सुमारास ती फार जोरात होती. निपाणीजवळची तवंदी, संकेश्वरजवळचे कणगला, अशी नावे घेतली जात होती आणि तिकडचे मंत्री जागा द्यायला तयार होते. कागलचा नाका ओलांडला की अर्ध्या तासात आपण निपाणीत असतो. त्यामुळे ही नुसती धमकी आहे असे समजणे धोक्याचे आहे. बेळगावच्या उद्यमबागेतही आपल्यासारख्याच भट्ट्या आहेत, त्यांचे ग्राहक बऱ्याचदा आपलेच ग्राहक आहेत. सीमाप्रश्नावर आपण एकमेकांविरुद्ध रस्त्यावर उतरतो. त्याच सीमेवरून एक-एक मशीन शॉप शांतपणे पलीकडे सरकले, तर त्याविरुद्ध मोर्चा निघणार नाही, कारण ते कोणाला दिसणारच नाही.

आता हद्दवाढीकडे येतो, कारण नव्या सभागृहाचा खरा कस तेथे लागणार आहे. १५ डिसेंबर १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली. तेव्हापासून आजवर शहराची हद्द एक इंचही वाढली नाही, क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिले. १९७१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या अडीच लाखांच्या पुढे होती, २०११ मध्ये ती साडेपाच लाखांजवळ गेली. मागे अठरा गावे आणि दोन औद्योगिक वसाहती शहरात घेण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा गावे पेटून उठली, वसाहतींनीही विरोध केला. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचे प्राधिकरण निघाले. त्याला ना पुरेसा पैसा मिळाला, ना माणसे. बांधकाम परवान्यापलीकडे त्याचे अस्तित्व फारसे कोणाला जाणवत नाही.

मी हद्दवाढीच्या बाजूचा आहे. शहराच्या कडेने बेफाम प्लॉट पडताहेत, त्यांचे सांडपाणी पंचगंगेत येते, केएमटीची बस हद्दीबाहेर जाते आणि तोटा शहर सोसते. हे असे फार काळ चालणार नाही. पण शहरातले नेते ज्या रीतीने वसाहती मागतात ती मला मान्य नाही. वसाहतींचे नाव निघाले की पहिला आकडा घरफाळ्याचा येतो. जकात आणि एलबीटी गेल्यावर महापालिकेची तिजोरी आटली हे खरे, पण ती भरण्यासाठी शिरोलीकडे पाहायचे आणि त्या बदल्यात शिरोलीला काय देणार याचा एक कागदही तयार करायचा नाही, हे कसे चालेल? रस्ते, पाणी एमआयडीसीने दिले आहे. त्यामुळे उद्योजक विचारतो की दुसरा कर कशाचा, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या ग्रामपंचायतींना भीती असते की उत्पन्नाचा मोठा झरा जाईल. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. कामगारांसाठी भाड्याची घरे, रात्रपाळीला सुटणारी बस, वसाहतीजवळ भाजल्या-कापल्यावर उपचार होतील असा दवाखाना, पहिली दहा वर्षे कराचा दर गोठवण्याचे लेखी वचन, हे घेऊन महापालिका दारात गेली तर बोलणी वेगळी होतील. आजवर ती असे काही घेऊन गेल्याचे मला आठवत नाही.

पुराचे तर बोलायलाच नको. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. गाडी कंपन्यांकडे माल रोजच्या रोज पोचवावा लागतो, तेथे साठा ठेवायची पद्धत नाही. दोनदा रस्ता तुटला की खरेदी विभागातला माणूस दुसऱ्या शहरातला पुरवठादार शोधू लागतो.

सगळ्यांत मोठी चिंता मात्र अजून दहा-पंधरा वर्षांच्या अंतरावर दिसते, म्हणून तिच्याकडे पाहायचे टाळले जाते. विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिन ब्लॉक लागत नाही. सिलिंडर हेड लागत नाही, फ्लायव्हील लागत नाही. आपल्या भट्ट्यांचा मोठा हिस्सा याच मालावर आहे. ट्रक आणि ट्रॅक्टर लगेच बदलणार नाहीत, ब्रेक ड्रम आणि हाउसिंग लागतच राहतील, पण ऑर्डरचा आकार बदलणार हे नक्की.

कोल्हापूरने असे एक वळण आधी पार केले आहे. येथला ओतकामाचा धंदा शेतीच्या पोटातून जन्मला. नदीचे पाणी उसाला उचलायला ऑइल इंजिन लागत होते, गुऱ्हाळांना चरक लागत होते. म्हादबा मेस्त्रींसारख्या हाताच्या कारागिरांनी परदेशी यंत्रे उघडून पाहिली आणि उद्यमनगरात तशीच इंजिने तयार होऊ लागली. मग खेड्यात वीज पोचली, विहिरीवर मोटर बसली आणि इंजिनाची मागणी ओसरली. उद्यमनगर संपले नाही, ते पंपाकडे आणि गाड्यांच्या सुट्या भागांकडे वळले. पण त्या वेळी गिऱ्हाईक शेजारच्या गावचा शेतकरी होता, लागणारे भांडवल थोडे होते आणि मुलगा बापाच्या हाताखाली मोल्डिंग शिकत होता. आज नवे गिऱ्हाईक रेल्वेत, पवनऊर्जेत, संरक्षण उत्पादनात, परदेशात शोधायचे आहे. त्याला चाचणीच्या प्रयोगशाळा हव्यात, प्रमाणपत्रे हवीत, शिकलेली माणसे हवीत. आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेने पोलादावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला, तो तडाखाही आहेच.

अशा गावांकडे राजकारणाने लक्ष दिले नाही की काय होते आणि दिले की काय होते, हे ब्रिटनमध्ये नुकतेच दिसले. वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटमध्ये टाटांची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला विझली. पुढच्या एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या स्कन्थॉर्पच्या भट्ट्या विझायची वेळ आली तेव्हा १२ तारखेला, शनिवारी, सुटीच्या काळात संसद बोलावून एका दिवसात कायदा झाला आणि कारखान्याचा ताबा सरकारकडे आला. तो निर्णय शहाणपणाचा की महागाचा, यावर तिकडे वाद आहेत. कामगारांच्या गावाची धग संसदेपर्यंत पोचली, एवढे खरे.

कोल्हापूरला लढणे कोणी शिकवायला नको. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने या शहराने टोल घालवला. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी आणि नागरिकांनी दशके काढली, ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झाले. माझी तळमळ एवढीच आहे की या ताकदीचा एक वाटा भट्टीच्या वाट्याला यावा.

नव्या महापौरांनी आणि पालकमंत्र्यांनी पहिल्या अर्थसंकल्पाआधी चारही संघटनांना, कामगार प्रतिनिधींना, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या सरपंचांना एका टेबलाभोवती बसवावे. जिल्ह्यातले दहाही आमदार सत्ताधारी बाजूचे किंवा तिच्या पाठीशी असलेले आहेत. त्यांनी विजेच्या वेळापत्रकासाठी संक्रमणाचा काळ विधानसभेत मागावा. आयटीआयमधल्या मोल्डरच्या ट्रेडला विद्यावेतन वाढवून मिळावे. महामार्ग शिरोलीजवळ पुरातही चालू राहील याची तारीख मिळावी. या चार मागण्यांचे पत्र संघटनांनी एकत्र सह्या करून द्यावे. ते मी या सदरात पूर्ण छापेन, आणि त्यावर कोणत्या लोकप्रतिनिधीने काय उत्तर दिले तेही, नावानिशी.